एकसष्ट जणांचा एकच प्रश्न

परिषद यशस्वी झाली, याबद्दल अमरावतीच्या आंतरजाल संशोधन केंद्रात कुणाचंच दुमत नव्हतं. एकतीस देशांचे प्रतिनिधी आले, चव्वेचाळीस अंशांत एकालाही ऊन लागलं नाही आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं कमी पडली नाहीत. आपल्याकडे परिषद यशस्वी व्हायला याहून जास्त काही लागत नाही. गोंधळ सुरू झाला तो परिषद संपल्यानंतर पाचव्या दिवशी, आढावा बैठकीत.

बैठकीला चौघं होती. केंद्राचे संचालक डॉ. प्रभंजन काळमेघ, ज्यांना माईक दिसला की घसा आपोआप साफ होतो. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. नसीम काझी, ज्यांनी बनवलेलं स्मृतिपूरक या परिषदेत पहिल्यांदाच सगळ्यांच्या कानामागे बसवलं होतं. निवृत्त प्राध्यापक भाऊराव इंगोले, वय चौऱ्याहत्तर, सगळ्यांचे सर. आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. सुकेशिनी मोहोड, जिनं परिषदेचे सगळे नीतिनियम लिहिले होते. सुकेशिनी तेरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. येत्या जूनपासून तिचा विषयच अभ्यासक्रमातून जाणार होता, आणि विषय गेला की तासिकाही जाणार. वय बेचाळीस. पुढे काय, हे तिला कुणी विचारत नव्हतं, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

"अभिप्राय बघा," काळमेघ कागद फडफडवत म्हणाले. "'अत्यंत विचारप्रवर्तक.' 'क्षणभरही लक्ष विचलित झालं नाही.' दुपारच्या सत्राबद्दलसुद्धा! माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत जेवणानंतरच्या सत्राबद्दल असं कुणी लिहिलेलं नाही."

"पुरणपोळी आणि पाटवडीचा रस्सा खाऊन," इंगोले सर चिवड्यातले शेंगदाणे वेचत म्हणाले, "वरून तुपाची वाटी. कमाल आहे बाप्पा."

मग काळमेघांनी एस्टोनियाच्या प्राध्यापक इंग्रिड साल यांचं पत्र काढलं. सालबाईंनी दुसऱ्या दिवशी दुपारी निबंध वाचला होता. नऊ वर्षं त्यांनी गावोगावच्या लोकांचे आंतरजालावरचे गट तपासले होते. बहुतेक गट चार वर्षांत गप्प होतात, म्हणजे आंतरजालावरची नाती चार वर्षांत तुटतात, असा त्यांचा सिद्धांत. त्यांनी पत्रात लिहिलं होतं: 'माझं वाचन संपल्यावर मला एक प्रश्न विचारला गेला. त्या प्रश्नानं माझा सिद्धांत पडला आणि मी निबंध मागे घेत आहे. दिवे मालवलेले होते आणि कानात घातलेल्या भाषांतराच्या कर्णिकेत सगळ्यांचे आवाज एकसारखेच ऐकू येतात, म्हणून विचारणारी व्यक्ती कोण ते मला कळलं नाही. त्या व्यक्तीला मी पाच वर्षांचं संशोधनपद देऊ इच्छिते. काम अमरावतीत राहूनच करता येईल. कृपया नाव कळवा.'

"माझंच नाव कळवा," काळमेघ संकोचून म्हणाले. संकोच त्यांना शोभत नव्हता. "पद नको मला. पण श्रेय... शेवटी प्रश्न मी विचारला होता."

सुकेशिनीनं चहाचा कप खाली ठेवला. "सर, काय बोलताय? प्रश्न मी विचारला. मी उभी राहिले, गुडघे थरथरत होते, आणि मी म्हटलं, गट गप्प झाला म्हणजे नाती तुटली, हे तुम्ही कशावरून ठरवलं?"

"माणसं रोज समोरासमोर भेटू लागली तरी गट गप्पच होणार," काळमेघांनी पुढचं वाक्य पूर्ण केलं. "या दोन शांतता तुमच्या आकड्यांत वेगळ्या कशा ओळखायच्या? हा माझा प्रश्न आहे, मॅडम!"

काळमेघ बढाईखोर होते, पण खोटारडे नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि सुकेशिनी घाबरली ती त्यामुळेच.

"सुकेशिनीनंच विचारला असेल," इंगोले सर म्हणाले. "तिच्याच जातकुळीचा आहे प्रश्न." आणि पुन्हा चिवड्याकडे वळले.

सगळ्या प्रतिनिधींना विचारायचं ठरलं. दोन दिवसांत उत्तरं आली आणि केंद्रात हलकल्लोळ माजला. नैरोबीच्या संशोधकानं लिहिलं, प्रश्न मी विचारला. ओसाकाच्या बाईंनी लिहिलं, प्रश्न माझा. नांदेडच्या प्राध्यापकांनी तर सोबत प्रतिज्ञापत्र जोडलं. काळमेघ आणि सुकेशिनी धरून एकूण एकसष्ट जण. काळमेघांनी डोक्याला हात लावला. "अहो, हे संशोधक आहेत की रेशनच्या रांगेतली माणसं? प्रत्येक जण म्हणतोय, माझा नंबर आधी!"

सुकेशिनी तडक डॉ. काझींच्या प्रयोगशाळेत गेली. काझी शांतपणे एका स्मृतिपूरकाची चकती चिमट्यात धरून बसल्या होत्या.

"मला वाटलंच होतं, तू येशील," त्या म्हणाल्या. "बस. पूरक काय करतं ते सांग पाहू."

"माणसाचं लक्ष नसतानाचा भाग भरून काढतं. डुलकी लागली, मन भरकटलं, की तेवढी पोकळी राहते. व्यासपीठावर बोलणाऱ्याचं पूरक बंदच असतं; श्रोत्यांत जो जागा असेल त्याच्या पूरकानं टिपलेलं सामायिक स्मृतिकोशात जातं. रात्री झोपेत ते बाकीच्यांच्या पोकळीत बसवलं जातं. सकाळी उठल्यावर वाटतं, आपण सगळं नीट ऐकलं."

"म्हणून अभिप्राय इतके गोड आले. आता सांग, कोशात जाताना त्या आठवणीचं काय होतं?"

हे तर सुकेशिनीनंच लिहिलं होतं. कलम सात. आंतरजालाच्या अभ्यासकांनी आयुष्यभर इतरांना खासगीपणाचे धडे द्यायचे आणि स्वतःच्या परिषदेत माणसांच्या नोंदी ठेवायच्या, हे तिला पटलं नव्हतं. म्हणून ध्वनिमुद्रण बंद. आणि प्रत्येक आठवणीचं निनावीकरण, म्हणजे आवाज, चेहरा, नाव, गाव, ओळख पटेल असं जे जे असेल ते गाळायचं. कर्णिकेतूनसुद्धा. ठरावाला टाळ्या पडल्या होत्या.

"आमच्याकडे लग्नाला भांडी जमा होतात," काझी म्हणाल्या. "तुमच्याकडेही होत असतील. म्हणून भांड्यावर नाव घालतात. नाव नसलेला डबा ज्याच्या घरी राहिला, दोन महिन्यांनी तो त्याचाच होतो. तो काही चोर नसतो, त्याला खरंच तसं वाटतं. मेंदू तसाच. आठवणीवर मालकाचं नाव नसलं की मेंदू तिला परकी म्हणून ठेवूच शकत नाही. तो आपलं नाव घालतो. वर आपल्या पदरची थरथर, कोरडा घसा वगैरे जोडून देतो."

"म्हणजे साठ जणांना माझी आठवण मिळाली!" सुकेशिनी उसळून म्हणाली. "हे सिद्ध करता येईल का?"

"तू सुचव."

तशी सुकेशिनी हुशार, तेरा वर्षं वाया गेली ती हुशारी कमी होती म्हणून नव्हे. "पूरकातली आठवण शब्दाला शब्द असते," ती म्हणाली. "जिवंत आठवण तशी नसते. माणसाला मुद्दा आठवतो, शब्द निसटतात. सगळ्यांना प्रश्न लिहायला सांगू. ज्यांचा मजकूर हुबेहूब जुळेल ते झोपले होते. ज्याचा वेगळा येईल, तो जागा. आणि मॅडम, जागा एकच असणार! दुसरं कुणी जागं असतं तर त्याच्या पूरकात प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला असता. सगळ्यांना तो 'मी विचारला' असाच आठवतो, म्हणजे टिपणारा एकटा विचारणाराच होता."

"शाब्बास," काझी म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उजळला नाही. "तूही लिहिशील ना?"

"मी पहिली लिहिते."

तिनं तिथंच कागद ओढला आणि लिहून दिलं.

चार दिवसांनी सगळे मजकूर आले. परदेशी मंडळींनी आपापल्या भाषांत लिहिले होते, ते भाषांतराच्या एकाच यंत्रातून मराठीत आणले. काझींनी एकसष्ट कागद टेबलावर ओळीनं मांडले. सुकेशिनी एकेक वाचत पुढे सरकत गेली. काळमेघ, नैरोबी, ओसाका, नांदेड. 'गट गप्प झाला म्हणजे नाती तुटली, हे तुम्ही कशावरून ठरवलं?' कुठे वेलांटीचा फरक नाही. ती खूश होत गेली. शेवटी ती आपल्या कागदापाशी आली आणि थांबली.

वेलांटीचाही फरक नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "मॅडम, काहीतरी चुकतंय. मला आठवतंय हो! माझा घसा कोरडा पडला होता."

"पुरण खाल्ल्यावर पडतोच," काझी हळूच म्हणाल्या. मग त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चाचणी तुझीच आहे, बेटा. आणि चाचणी बरोबर आहे. मला दुसरी सुचली असती तर मी सुचवली असती."

सुकेशिनीला रडू आलं आणि ती रडली. पद गेलं म्हणून रडू आलं की प्रश्न गेला म्हणून, हे तिला सांगता आलं नसतं. तेरा वर्षांत पहिल्यांदा भरल्या सभागृहात आपण काहीतरी मोलाचं बोललो, असं तिला वाटलं होतं. तेही दुसऱ्याचं निघालं.

डोळे पुसल्यावर मात्र तिच्यातली संशोधक जागी झाली. "एकसष्ट झोपले होते. मग सभागृहात होते किती?"

ओळख ठेवायची नाही म्हणून हजेरी घेतलेली नव्हती. पण प्रमाणपत्रासाठी सह्या होत्या. कितीही तत्त्वनिष्ठ विद्वान असला तरी प्रमाणपत्र सोडत नाही. त्या सत्राच्या श्रोत्यांच्या यादीवर बासष्ट सह्या निघाल्या. एकसष्टांनी प्रश्नावर हक्क सांगितला होता. बासष्टावी सही तिनं नाव न वाचताच ओळखली. तिच्या प्रबंधाच्या पानापानावर तीच तर होती.

इंगोले सर घरी दुपारचा चहा करत होते. तिला बघून त्यांनी आधणात अजून एक कप पाणी ओतलं.

"सर, त्या दिवशी प्रश्न कुणी विचारला?"

"काऊन वं? तूच विचारला की. मी शेजारीच बसलो होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"काय म्हणाले मी?"

"आता शब्द कुठं ध्यानात राहतात या वयात? तू म्हणाली की आमच्या गावच्या भजनी मंडळाचा ग्रुप पहिले दणादण चालायचा. मग मंडळी रोज देवळात बसायला लागली, तर ग्रुपवर कोणी कुत्रं भुंकेना. मग बाई, आमचं तुटलं म्हणता की जुळलं? असं काहीतरी."

सुकेशिनीनं डोळे मिटले. एकसष्ट कागदांत कुठेही भजनी मंडळ नव्हतं. नाव-गाव सगळं गाळायचं, हे तिचंच कलम.

"सर, मी अमरावतीत जन्मले. मला गाव नाही. तुमच्या त्या मंडळात टाळ कोण वाजवतं?"

"मीच की," सर बोलून गेले, आणि जीभ चावली.

चहा उतू गेला. सरांनी शेगडी बंद केली, पण पुसायला फडकं घेतलं नाही.

"एवढे दिवस गप्प का बसलात?"

"मग काय करू?" सर एकदम चिडले. "चौऱ्याहत्तराव्या वर्षी पाच वर्षांचं पद घेऊन काय लोणचं घालू त्याचं? त्या दिवशी बैठकीत तू म्हणाली, मी विचारला. तुझं तोंड पाहिलं मी. मला वाटलं, हिला गरज आहे, म्हणून बोलतेय. बोलू दे. पण काळमेघही तेच म्हणत होता, तेव्हा मलाच काही समजेना. म्हटलं, आपणच तर स्वप्नात नाही ना विचारला?"

"मी खोटं बोलत नव्हते, सर. मला खरंच आठवतंय. आत्तासुद्धा."

"मग झालं तर!" सर तिच्याजवळ येऊन बसले. त्यांचा आवाज उतरला. "पोरी, नीट ऐक. तुला आठवतंय ते लिही. त्यात पाप नाही. तू साक्षीला उभी राहिलीस तरी हेच सांगशील. मी कोणाला काही बोलणार नाही, काझीबाईही बोलायच्या नाहीत. जूनमध्ये काय करशील? कोण बोलावणार आहे तुला? इतकी वर्षं मी तुझ्यासाठी काही करू शकलो नाही. एवढं करू दे मला."

त्यांचं बोलणं सरळ होतं आणि त्यात खोट काढता येत नव्हती, हीच अडचण होती. सभागृहात उभी राहिलेली ती स्वतः तिला दिसत होती. अंधार, पडद्यावरचा उजेड, कानावर पडणारा स्वतःचा आवाज. लग्नाचा दिवससुद्धा तिला इतका लख्ख आठवत नव्हता. याच्या विरुद्ध तिच्याकडे काय होतं? एकसष्ट कागद आणि एक सही.

तिनं सरांचाच कागद घेतला, त्यांच्याच टेबलावर बसली आणि सालबाईंना पत्र लिहिलं.

'प्रश्न प्राध्यापक भाऊराव इंगोले यांनी विचारला. ते त्यांच्या गावच्या भजनी मंडळाबद्दल बोलले. सभागृहात ते एकटेच जागे होते. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होते आणि त्या वेळी मी झोपले होते.'

सर मागून वाचत होते. "वेडी आहेस," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

सुकेशिनीनं पत्र सुरुवातीपासून पुन्हा वाचलं. त्यात लिहिलेली एकही गोष्ट घडलेली तिला आठवत नव्हती. तिनं खाली सही केली.