बास म्हटल्यावर

मागच्या सोमवारची गोष्ट. सासूबाई म्हणाल्या, "दाक्षा, दानूला घे. होटगी रोडला काशम्माकडं जाऊन येऊ, दृष्ट काढती ती." लेक चार महिन्यांची, दुपारी पाजायची वेळ जवळ आलेली. पण दृष्ट काढायला असा किती वेळ लागतो, म्हणून निघाले.

आधी मूळ भानगड सांगते, कारण ती सासूबाईंना काही सांगता आली नाही. मालक टॉवेलच्या कारखान्यातनं घरी आले की आमचा एक खेळ असतो. एकमेकांच्या मनगटात नखं रुतवायची. आधी 'बास' म्हणेल तो हरला. दुखतं, पण बास म्हटलं की हात सुटणार हे ठाऊक असतं, म्हणून हसू येतं. पत्र्याच्या आडोशापलीकडनं सासूबाईंनी माझं "अजून दाबा की" ऐकलं, हसणं ऐकलं, आणि सकाळी मनगटावरचे व्रण बघितले. झालं. हिला दुखलं की गोड लागतं, म्हणजे हिच्या अंगात कुणीतरी हाय. आता तुम्हीच सांगा, सासूला काय समजावणार? नवऱ्याशी खेळते म्हणून?

काशम्माची खोली पत्र्याची, बिनखिडकीची. "लेकरू भाईर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. सासूबाई दानूला घेऊन लांब लिंबाखाली बसल्या. दार लागलं. आत कापराचा आणि मिरचीच्या धुरीचा वास, काळोख, आणि उन्हानं तापलेला पत्रा टक्... टक्... वाजत होता. काशम्मानं माझ्या बोटांमध्ये काड्या घातल्या आणि मूठ आवळली.

"बास," मी म्हणाले.

"कोण म्हणतंय बास?"

"मीच की."

"मी म्हंजी कोण?"

"दाक्षायणी. गंगम्माची सून."

"खोटं बोलतीया." तिनं आणखी आवळलं.

खरं सांगते, नखांपेक्षा फार जास्त दुखत नव्हतं. पण इथं बास ऐकणारं कुणी नव्हतं. मी खरं बोलले की ती दाबायची, पुन्हा खरं बोलले की पुन्हा दाबायची, तांदूळ निवडत बसल्यासारखी शांत. बाहेर दानू रडायला लागली. माझा झंपर दुधानं भिजला. "अवं, लेकरू उपाशी हाय," म्हटलं, तर ती म्हणाली, "उपाशी कोण हाय ते कळतंय मला."

मग दानूचं रडणं एकदम थांबलं. मी दाराकडं झेप घेतली, पण मूठ सुटेना.

डोक्यात आलं ते नाव फेकलं. "सुंदरम्मा... होटगीची..."

"मेलीस कशानं?"

"बाळंतपणात..."

हात सुटला. "एवढं आधी बोलली असतीस तर," काशम्मा म्हणाली, आणि दार उघडलं.

मी पळत लिंबाखाली गेले. सासूबाईंच्या मांडीवर दानू गाढ झोपलेली. ओठाच्या कोपऱ्यात दूध.

"काय पाजलंत हिला?"

"मी काय पाजू? तू आत गेलीस तशी एक बाई शेजारी येऊन बसली. पोरगी रडाय लागली तशी म्हणाली, द्या हिकडं, माझं लेकरू न्हाय ऱ्हायलं, दूध हाय. पदराखाली घेतल्याबरोबर गप. लई गुणाची बाई. होटगीची सुंदरम्मा म्हणाली."

"कधी आली म्हणालात?"

"सांगितलं की. दार लागलं तवाच."

तेव्हा तर ते नाव माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं.

आठ दिवस झाले. दानू मला तोंड लावत नाही. बाटली ढकलते, चमच्यानं घातलेलं थुंकते. डॉक्टर म्हणाले, काही नाही, घेईल हळूहळू. सासूबाई म्हणतात, बाधा गेली की, आता कशाला रडतीस. मालकांनी परवा सहज मनगट धरलं, तर त्यांचं नख टेकायच्या आधीच मी बास म्हणाले.

काल अंगणवाडीत दानूचं पुन्हा वजन केलं; आधीचं त्याच सोमवारी सकाळी झालं होतं. ताईंनी काटा दोनदा बघितला.

"काय पाजतीस गं हिला?" त्या म्हणाल्या. "आठ दिवसांत पाव किलो वाढली की."