सेंट मार्टिनच्या रात्रीची डबलसीट

फेम्के, हसायचं तर हस. पण भिंतीकडच्या त्या काळ्या सायकलला तुम्ही पोरांनी कोणी हात लावायचा नाही. आणि आधी दाराची कडी घाल, गारठा आत येतोय.

ती सायकल येल्मरची. या दुकानात माझ्याबरोबर पंक्चरं काढायचा. देवमाणूस, पण एकदा बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. चार वर्षांपूर्वी, अकरा नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या रात्री घडलेलं आहे हे. आजच्यासारखीच रात्र. कंदील घेऊन दारोदार गाणी म्हणणारी पोरं गोळ्या-चॉकलेटं घेऊन घरी गेली होती, आणि कालव्यावर धुकं उतरलं होतं. येल्मर इनेशला आणायला निघाला.

इनेश लिस्बनची. आठवडाभरासाठी त्याच्याकडे पाहुणी आलेली. तिच्याशी लग्न करायचं, तिला इथंच ठेवून घ्यायचं, एवढाच त्याला ध्यास. दोघं गावभर फिरायची ती याच सायकलवर, डबलसीट. पण आपल्यासारखी चालत्या सायकलवर उडी मारून बसायची कला तिला काही जमेना. दोनदा आपटली. दर वेळी ओरडायची, "आधी थांबव, मेल्या!"

येल्मरची आई तिला चिडवायची. "अगं, एवढंही येत नाही तर आमच्या उत्रेख्त गावची सून कसली तू?"

"ज्या दिवशी जमेल ना, त्या दिवसापासून इथंच राहीन. बघाच तुम्ही!"

ती थट्टेत म्हणाली. येल्मरनं मनावर घेतलं.

त्या रात्री ती पुलावर त्याची वाट बघणार होती. पूल आला तशी येल्मरनं घंटी वाजवली, वेग कमी केला. धुक्यातून कोणीतरी पळत आलं... आणि कॅरिअरवर अलगद वजन पडलं. सायकल जरासुद्धा डुगडुगली नाही.

मागे वळून बघायची आपल्याला कुठं सवय असते? वजन पडलं, की पायडल मारायचं.

"जमलं की गं तुला!" आनंदानं त्याला रडूच यायचं बाकी होतं. "आता शब्द पाळायचा हं! राहायचं!"

कमरेभोवती दोन हात आले. घट्ट.

तो बोलतच सुटला. घराचं, लग्नाचं, कुठल्या खोलीत ऊन येतं त्याचं...

मग हाक आली. लांबून. पुलाकडून.

"येल्मर! अरे थांब! मी इथं आहे!"

इनेशचा आवाज.

त्यानं ब्रेकसाठी पायडल उलटं दाबलं. लागेना. पाय खाली टेकवायला गेला... पाय सुटेना. ओरडायला तोंड उघडलं...

काही नाही. एवढा बोलका माणूस, पोरांनो.

हाक मागे मागे पडत गेली.

मग तीही थांबली.

सायकल थांबली ती त्याच्या दारात. कॅरिअरवर कोणी नव्हतं. तो तसाच पळत पुलावर गेला. इनेश कठडा धरून बसली होती. त्यानं जवळ घेतलं, तर तिनं त्याचे हात बाजूला केले.

"किती आनंदानं बोलत होतास तिच्याशी," ती म्हणाली. "आणि ती... सगळा वेळ मागे वळून माझ्याकडे बघत होती."

सकाळच्या गाडीनं ती गेली. येल्मरनं हातापाया पडून पाहिलं. पण तिनं ऐकलं नाही, पुन्हा आली नाही. तोही मग गाव सोडून गेला, आणि ही सायकल माझ्या गळ्यात पडली.

आज सकाळीच मी तिच्या दोन्ही चाकांत हवा भरलीय. फेम्के, लांबूनच बघ. पुढचं चाक कसं गोल आहे. आता मागचं बघ... वजन पडल्यासारखं जमिनीला दबलंय.

आणि कॅरिअरवर तर काहीच नाही.