रिकाम्या घरांची तहान

उंबरखोऱ्यात पाण्याची पाइपलाइन टाकत नसत, लावत असत. चर खणायचा, त्यात जलवेलीचं रोप ठेवायचं, पोषकद्रव्याची पोती रिकामी करायची आणि वर माती ओढायची. पुढचं काम वेलच करी. पोकळ, रबरासारखी चिवट अशी ती नळी धरणापासून मातीतून वाट काढत निघे, फांद्या फोडी आणि जिथे पाणी ओढलं जातंय असं तिला जाणवे तिकडे जाड होत जाई. कुठे फुटली तर स्वतःच बुजवून घेई. खोऱ्यातल्या लहान मुलांना खोदलेला रस्ता कसा दिसतो हे चित्रातच पाहावं लागे.

हेमांगी ठोसर या खोऱ्याची वाढ-समन्वयक होती. पदनाम जड असलं तरी काम समजायला सोपं आहे. खोऱ्यात जो घरं बांधेल त्याने सगळ्यांच्या सोयींत आपला वाटा घालायचा, असा नियम होता. कुणी वेलीला पोषकद्रव्य द्यायचं, कुणी दवाखाना बांधायचा, कुणी सांडपाणी मुरवायचं तळं. हे सगळं माणसं राहायला येण्याआधी तयार हवं, आणि एकमेकांशी जुळलेलं हवं. दवाखाना उभा आहे पण तिथे जायला रस्ता नाही, असं जुन्या काळी सर्रास होई. ते होऊ नये म्हणून प्राधिकरणाने हेमांगीला नेमलं होतं, आणि ती कामाला चोख होती.

विकसकाचा शेवटचा वाटा म्हणजे ‘तालीम’. वेलीला उद्याचं काही कळत नाही, तिला फक्त वाहतं पाणी कळतं. मग उद्या जिथे हजारो माणसं येणार तिथे तिने आजच जाड कसं व्हावं? त्यावर तोड अशी काढली होती की, घरं रिकामी असतानाच त्यांतले सगळे नळ सोडून ठेवायचे. वेलीला वाटतं, इथे माणसं राहतात. ती फुगत जाते. वाहिलेलं पाणी तळ्यात जमा होतं, तिथून झाडांना जातं.

एरवी तालीम एका वेळी एकाच वसाहतीची होई. या वर्षी तीन नव्या वसाहती उभ्या राहिल्या होत्या आणि तिन्हींचा ताबा द्यायचा होता तो अक्षय्य तृतीयेलाच. घर घेणाऱ्या कुणालाही दुसरा दिवस नको होता. तिन्ही विकसक हेमांगीकडे येऊन बसले आणि तिने तिन्ही तालमी एकाच उन्हाळ्यात लावून दिल्या. धरणात पाणी बेताचं होतं. तेव्हा तिनेच डोकं चालवलं होतं. खोऱ्याच्या वरच्या अंगाला याच वेलीवर आंबेशेत नावाची जुनी वाडी होती. तिथल्या शाळेत जाऊन तिने मुलांना पाणी जपून वापरण्याचा एक सुंदर धडा दिला होता.

तृतीया जवळ आली होती तेव्हा आंबेशेतचे वाघेरे गुरुजी तिच्या कार्यालयात आले. काखेत पिशवी, पिशवीत कैऱ्या.

“पोरांनी पाठवल्यात. ती तुमची वाट बघतायत, बाई. नळपहारा बघायला या एकदा.”

“नळपहारा?”

“अहो, तुमच्या धड्यानंतर काढलाय. संध्याकाळी पोरं घरोघर फिरतात. नळ ठिबकताना दिसला की त्या घरासमोर उभं राहून टाळ्या पिटतात. आमची सरपंचीण दोनदा सापडली. आता ती भांडीसुद्धा राखेनं घासते.” गुरुजी हसले. मग जरा संकोचून म्हणाले, “पाणी मात्र फार बारीक येतंय हल्ली. घागर भरायला बायका ताटकळतात. आम्हीच कमी वापरतोय, त्यामुळे दाब कमी केला असेल ना तुम्ही? करा, करा. खाली नवी माणसं यायचीत, त्यांनाही लागेल.”

हेमांगीने कुणाचाही दाब कमी केला नव्हता. गुरुजी गेल्यावर तिने जलवेल घडवणाऱ्या डॉक्टर वैशंपायनांना गाडीत घातलं आणि आंबेशेतची वाट धरली.

वाडीच्या अलीकडे माती उकरल्यावर फांदी सापडली. मनगटाएवढी असायला हवी होती, निघाली करंगळीएवढी. कडा सुकून पांढऱ्या पडल्या होत्या.

“रोग आहे का?” हेमांगीने विचारलं.

“छे! ठणठणीत आहे. करायला सांगितलंय तेच करतेय.” वैशंपायन तिथेच बांधावर टेकले. “पायवाट कशी पडते, पाहिलंय ना? माणसं चालतात तिथे गवत उगवत नाही. चालणं थांबलं की गवत वाट गिळून टाकतं. गवताला काही राग नसतो कुणाचा. वेलीचं तसंच. पाणी वाहिलं की नळीची भिंत वाढते, थांबलं की झिजते.”

“पण झिजायला एवढं काय झालं? पोषकद्रव्य तर पुष्कळ घातलंय.”

“ते लागलं खाली. तिन्ही वसाहतींचे नळ एकदम सुटलेत. वेलीला वाटतंय, केवढी मोठी वस्ती आली! एवढी वाढ करायला तिला माल कमी पडला. मग जिथे हालचाल नाही तिथली भिंत विरघळवून तिने ती खाली नेली.” त्यांनी वाडीकडे मान वळवली. “इथली माणसं गेली कुठे?”

“कुठे म्हणजे? इथेच आहेत.”

“वेलीच्या हिशेबी गेलीत. नळ इतके बंद म्हणजे गाव ओस पडलंय.”

हेमांगीच्या डोळ्यांसमोर टाळ्या पिटणारी मुलं आली. कानांच्या पाळ्या तापल्या.

“उपाय?”

“दोन आहेत. खालची एखादी तालीम या उन्हाळ्यापुरती थांबवा. तिथली भिंत सुटेल, ती आपोआप इकडे येईल. हा सरळ उपाय. नाहीतर वाडीला सांगा, नळ सोडा. दिवसरात्र, पूर्ण. ओरडूच द्या नळांना, आम्ही आहोत म्हणून.”

“आणि फांदी जाड झाली की बंद करायचे?”

वैशंपायनांनी हाताची माती झटकली. “खाली चालू असताना इथे बंद केले, की पुन्हा हेच होणार. चढाओढ लागली की जो आधी नळ बंद करेल तो आटतो. मी वेल घडवली तेव्हा तिला तहान ओळखायला शिकवलं. सभ्यपणा ओळखायला शिकवता आलं नाही.”

तालीम थांबवण्याचा अधिकार हेमांगीला होता. त्याच दुपारी ती विकसक सतेज भोइट्यांच्या वसाहतीत गेली, कारण तीच सगळ्यांत मोठी. बारा मजले, एकाही खिडकीत पडदा नाही, आणि आतून धबधब्यासारखा आवाज.

“या मॅडम! ऐकताय ना? राहायला काळं कुत्रं नाही, पण आंघोळी जोरात चालल्यात.” भोइट्यांनी खुर्ची पुढे केली.

“सतेजराव, तुमची तालीम पावसाळ्यापर्यंत थांबवावी लागेल.”

भोइट्यांचं हसू जागच्या जागी राहिलं. “का बरं?”

तिने सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं.

“वाईट वाटलं. खरंच. पण मी काय करू? लोकांनी भाड्याची घरं सोडलीत. पोरांची शाळेतली नावं काढलीत. तृतीयेला कलश घेऊन दारात उभे राहतील आणि नळाला पाणी नसेल. त्यांना काय सांगू?” त्यांनी आवाज खाली आणला. “आणि मॅडम, मी माझा वाटा पोतंभरही कमी घातलेला नाही. तालमी एकत्र लावायच्या असं ठरवलं कोणी?”

“मी.”

“वाडीला पाणी वापरू नका असं सांगितलं कोणी?”

तिने समोरच्या रिकाम्या खिडक्यांकडे पाहिलं.

“मी टोचायला नाही बोलत. मला म्हणायचंय, तालीम थांबवली की कागदावर कारण लिहावं लागेल. ते कारण माझं नसेल. वाडीला सांगून बघा ना नळ सोडायला. फुकट आहे, कुणाचा मुहूर्त मोडत नाही. तुमचं ऐकतात ती माणसं.”

हेमांगीला तेव्हाच उठून थांबवण्याचा हुकूम देता आला असता. तो द्यायचा असं ठरवूनच ती आली होती. पण कारणाच्या जागी स्वतःचं नाव तिला दिसलं, प्राधिकरणाच्या बैठकीतले चेहरे दिसले. कलश घेऊन उभी असलेली माणसंही दिसली, आणि ती आडोशाला फार सोयीची होती. “बघते,” ती म्हणाली, आणि चहा घेऊन निघाली.

दुसऱ्या दिवशी आंबेशेतच्या शाळेत मुलं रांगेत बसली होती. अंगणात पाच तोट्यांचा नळ होता. एकाही तोटीखाली ओल नव्हती. मुलांनी तिला टाळ्या वाजवून दाखवल्या. तीही हसली, आणि हसताना तिला आपलाच चेहरा परका वाटला.

तिने पायवाटेची गोष्ट सांगितली. गवताची सांगितली. मुलांना ती लगेच कळली.

“म्हणजे वेलीला वाटतं, आम्ही नाही?” पहिल्या रांगेतल्या सुगंधाने विचारलं.

“हो.”

“पण आम्ही आहोत ना!”

“आहात. पण तिला ते दिसत नाही. तिला फक्त वाहतं पाणी कळतं.”

“मग खाली कोण राहतं, एवढं पाणी वापरणारं?”

“अजून कुणी नाही.”

मुलं हसली. बाई थट्टा करताहेत असं त्यांना वाटलं. मग बाई हसत नाहीत हे पाहून एकेकाचं हसू विरलं.

“आज मी तुम्हाला नवा धडा द्यायला आले आहे,” हेमांगी म्हणाली. आवाज तिने धड्याचाच ठेवला होता. दुसरा सरळ उपाय आहे आणि तो माझ्या हातात आहे, हे वाक्य तिने गाडीत घोकलं होतं. ते तिने गाळलं. “तोट्या सोडा. सगळ्या. घरी जाऊनही सोडायला सांगा. भांडी भरली तरी वाहू द्या.”

कुणी हललं नाही. मुलांनी गुरुजींकडे पाहिलं.

गुरुजींनी हेमांगीकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हे विचारतील. त्यांनी विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलं असतं तर तिने सगळं सांगून टाकलं असतं, निदान पुढे अनेक वर्षं ती स्वतःला तसं बजावत राहिली. पण गुरुजी मुलांकडे वळले.

“बाई आपल्या भल्याचंच सांगतात. उठा.”

मुलं उठली. तोट्या सुटल्या. आधी थेंब, मग दोऱ्याएवढी धार. पाणी फरशीवरून उतरून अंगणाच्या धुळीत शिरू लागलं. एका मुलाने सवयीने हात पुढे केला आणि स्वतःच मागे घेतला. सुगंधाने डोळे मिटून घेतले होते.

“बघा, लगेच नाही, पण होईल जाड,” हेमांगी म्हणाली. पाण्याचा बारीक आवाज तेवढा होत होता. वाडीतल्या पहिल्या घरातूनही तसाच आवाज सुरू झाला, मग पुढच्या.

सुगंधाने डोळे उघडले.

“बाई, बंद कधी करायचे?”

वाघेरे गुरुजींनी फळा पुसून घेतला होता. तारीख लिहून ठेवावी म्हणून खडू हातात घेऊन तेही तिच्याकडे पाहत उभे होते.