बार्लोने टाकलेली मोळी

ही गोष्ट मी कुणाला सांगायची नव्हती. आपांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, आम्हा सगळ्यांकडून तसं कबूल करून घेतलं होतं. पण माझा मामेभाऊ आयझॅक ती शाळेत चुकीची सांगत सुटला आहे. त्याच्या गोष्टीत कुत्र्याचे डोळे लाल आहेत. ते लाल नव्हते. म्हणून आपांनी सांगितली तशीच लिहून ठेवते.

त्या रात्री वाऱ्याने वीज गेली होती. आपा चुलीजवळ बसून कुत्र्याचा पट्टा शिवत होते. आयझॅकने विचारलं, "आपा, बार्लो म्हणजे टीव्हीवरचा तोच ना? चार वेळा हजार मैलांची शर्यत जिंकलेला?"

"चार वेळा कुत्रे जिंकले," आपा म्हणाले. "तो मागे उभा होता."

मग त्यांनी दोरा दाताने तोडला आणि सुरुवात केली.

गॅरेट बार्लो पहिल्यांदा आमच्या गावात आला तेव्हा त्याच्या कोऱ्या कोटाच्या बाहीवर दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती. दक्षिणेत कुठंतरी तो मोटारी विकायचा. घसरगाडीला कुत्रे कसे जुंपायचे, त्यांच्या पायात मोजे कसे चढवायचे, गाडी उलटली तरी दांडा का सोडायचा नाही, हे सगळं त्याला म्हाताऱ्या एमोसने शिकवलं. आणि आपला पुढारी कुत्रा तुलू दिला, तोही एमोसनेच. कावळ्यासारखा काळा, म्हणून आमच्या भाषेतलं कावळ्याचंच नाव. सगळ्यांच्या पुढे धावायचा. वादळात वाट पुसली गेली तरी त्याच्या पायांना ती ठाऊक असायची.

बार्लो जिंकला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला अक्कल लागत नाही. टीव्हीवर मात्र छाती काढून म्हणाला, "वाट मला आतूनच कळते." एमोस ते ऐकून एवढंच म्हणाला, "मग पुढच्या वर्षी त्यालाच जुंपू."

आम्ही हसलो. आपा हसले नाहीत.

चौथ्या शर्यतीत तुलू म्हातारा झाला होता. आमच्या गावापुढच्या उघड्या टेकड्यांवर तो लंगडू लागला. थकलेल्या कुत्र्याला गाडीत घालून पुढच्या गावी न्यायचं, हा नियम आहे. पण गाडीत कुत्रा म्हणजे वजन. बार्लोने त्याला वाटेवरच्या निवाऱ्याच्या झोपडीमागे, खांबाला बांधलं आणि निघून गेला. पुढच्या गावी सांगितलं, साखळी तोडून पळाला. ती शर्यत जिंकलाच तो. फोटो आहेत.

बर्फ वितळल्यावर एमोस तिकडे गेला. साखळी खांबालाच होती. साखळीत गळपट्टा होता आणि गळपट्ट्याचं बक्कल लागलेलं होतं. बाकी कोल्ह्यांनी काही ठेवलं नव्हतं. एमोसने कुणाकडे तक्रार केली नाही. साखळी झोपडीच्या दारातल्या खिळ्याला अडकवली आणि घरी आला. पुढे एमोस वारला, तेव्हा बार्लोने काय पाठवलं असेल? स्वतःचा फोटो, सही करून.

त्यानंतर बार्लो एकदाही जिंकला नाही. माणूस तोच, आवाज तोच, कोट तर आणखी भारी. पण वाट काही त्याला आतून कळेना. जाहिरातवाले एकेक करून पांगले. मागच्या मार्चमध्ये त्याने जाहीर केलं, ही शेवटची शर्यत आणि ही मीच जिंकणार. आणि खरंच, शर्यतीच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आमच्या गावात सगळ्यांत आधी त्याचीच गाडी आली. त्याच्या मागे होती डोरा, एमोसची नात.

आमच्या किनाऱ्यावर झाड नाही, हे तुम्हाला काय सांगायचं. त्या झोपडीत जळेल असं जे काही असतं, ते इथून गेलेलंच असतं. म्हणून टेकड्यांकडे निघणारी प्रत्येक गाडी वाहून आलेल्या लाकडांची एक मोळी घेऊन जाते आणि झोपडीत ठेवते. त्या रात्री मोळ्या एमोसची बायको लीनाआजी देत होती.

"झोपडीत ठेव रे," ती बार्लोला म्हणाली. "मागून येणाऱ्याला लागेल."

"अहो आजी, हे काय सांगायला हवं!" तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला आणि मोळी छान घट्ट बांधली.

गावाच्या टोकाला मासे वाळवायच्या मांडवापाशी कॅमेरे संपतात. तिथं त्याने मोळी सोडली आणि बर्फात भिरकावली. मागून येणारी म्हणजे डोरा. तिच्यासाठी हा कशाला लाकडं वाहील?

"तुम्हाला कसं कळलं?" आयझॅकने विचारलं.

"त्यानेच सांगितलं. पहाटे, माझ्या टेबलापाशी बसून. शर्यतीच्या गाड्यांची नोंद गावात मीच ठेवतो ना."

टेकड्यांवर वाऱ्याने त्याला गाठलं. बर्फ आडवं येऊ लागलं. झोपडीपाशी पोचेपर्यंत त्याची बोटं बधिर झाली होती. कुत्रे बाहेर बर्फात वेटोळी करून झोपले. तो आत शिरला. चूल थंड. शेजारी एक काटकी नाही.

"आळशी लेकाचे!" त्याने आमच्या सगळ्या गावाला शिवी घातली. आपली मोळी त्याला आठवलीसुद्धा नाही. असतात अशी माणसं.

कुत्र्यांसाठी बर्फ वितळवण्यापुरतं इंधन होतं, ते त्याने स्वतःचे हात शेकायला जाळलं. तेही संपलं. मग त्याने दिवा दाराकडे वळवला.

खिळा रिकामा होता.

असेल, कुणी नेली असेल साखळी. जुनं लोखंड ते. एवढ्यात झोपडीमागे आवाज झाला. बर्फावरून काहीतरी ओढत चालल्यासारखा. खळ्... मग काही नाही. मग पुन्हा. खळ्...

तो दारात आला. कुत्रे उठून उभे होते. आठही. एकही भुंकत नव्हता. सगळे एकाच अंधाऱ्या कोपऱ्याकडे बघत होते.

आणि शेपट्या हलवत होते.

तिथं तो थांबला नाही. गाडीवर चढला, ओरडला, आणि कुत्रे सुटले. असे सुटले, की आठवडाभर धावलेत असं वाटेना. वाट दिसत नव्हती, पण गाडी एकदाही अडली नाही. बार्लोला बरं वाटलं. त्याला वाटलं, पुन्हा आतून कळायला लागलं.

मग कपाळावरच्या दिव्याचा झोत पुढे गेला.

कुत्रे आठ. चार जोड्या. त्यांच्या पुढे आणखी एक.

काळा.

त्याला दोरी नव्हती.

"थांबा!" बार्लो ओरडला. कुणी थांबेना. "उजवीकडे! उजवीकडे!" आठही जणांचे कान त्या काळ्याकडे होते. बार्लोचं ऐकायला तिथं कुणी नव्हतं.

दिव्यात कुत्र्याने मागे पाहिलं, की डोळे हिरवे चमकतात. तुम्ही रोज बघता. त्या कुत्र्याने मागे पाहिलं... चमकलं नाही काही. दोन जागा नुसत्या काळ्या. पुढारी कुत्रा हुकमासाठी पाहतो, तसा तो पाहत राहिला. पाहत राहिला...

बार्लोने दांड्याकडे पाहिलं. दांडा सोडावा, तर त्या अंधारात एकटं. धरावा, तर...

त्याने धरला.

समोरून एक दिवा आला. एक गाडी अगदी घासून गेली. बाईचा आवाज काहीतरी ओरडला, वाऱ्याने नेला. आणि बार्लो त्या भीतीतसुद्धा हसला. म्हणे, डोराच असणार, वादळात पुढे निघून वाट चुकली. "मूर्ख पोरगी, उलटी चालली आहे!"

आयझॅक मोठ्याने हसला. आपांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा गप्प झाला.

मग दिवे दिसले. गाव. पुढचं गाव! त्याने एक हात वर केला. जिंकणाऱ्याचा हात. कॅमेरे कुठून बघतील, त्या बाजूला तोंडही वळवलं.

कुत्रे थांबले. मांडवापाशी. समोर बर्फात एक मोळी पडली होती. तिच्याशेजारी लीनाआजी कंदील घेऊन उभी होती.

"इतक्यात परत?" ती म्हणाली. "ही न्यायची राहिली होती होय?"

त्याने वर केलेला हात तसाच होता. काळा कुत्रा कुठंच नव्हता.

गावात पहाटेपर्यंत हसू पुरलं. चार वेळचा विजेता निघाला तिथंच परत येऊन पोचला! पोरं त्याला विचारत होती, "काका, पाचवं बक्षीस इथंच देऊ का?" शर्यत सोडल्याचं त्याने आपांच्या टेबलावरून फोन करून कळवलं. डोराने झोपडीत आपल्या मोळीने चूल पेटवली, वादळ जाऊ दिलं आणि मग पुढे गेली. पुढच्या गावातून तिनेही आपांना फोन केला. तिला एकच विचारायचं होतं.

"आपा, त्याच्यापुढे मोकळा धावत होता, तो काळा कुत्रा कुणाचा?"

सकाळी आपा बार्लोच्या कुत्र्यांखाली रात्री अंथरलेलं गवत गोळा करायला मांडवापाशी गेले. कुत्रा झोपला, की त्याच्या उबेने गवताखालचं बर्फ वितळतं आणि गोल खळगा पडतो. कुत्रे आठ. खळगे आठ, ओले, जमिनीपर्यंत गेलेले.

आणि एक सगळ्यांच्या पुढे. पुढारी झोपतो तिथं.

त्यातलं बर्फ वितळलं नव्हतं. गवत गोल दबलेलं होतं, पण काचेसारखं कडक, हात लावला की मोडणारं. लीनाआजीने आपांना ते उचलू दिलं नाही. तिने त्यात वाळवलेल्या माशाचा एक तुकडा ठेवला आणि घरी गेली.

आपांनी एवढंच सांगितलं आणि चुलीत लाकूड सारलं. पुढचं मी पाहिलेलं आहे. मधे सगळा उन्हाळा गेला, पाऊस गेला, आता पुन्हा बर्फ पडलं आहे. काल शाळेतून येताना मी मुद्दाम मांडवाकडून आले. सगळीकडे गुडघाभर पांढरं. पुढाऱ्याचा तो खळगा मात्र गवतासकट तसाच होता, त्यात बर्फाचा कण नव्हता. मी इकडेतिकडे पाहिलं, हातमोजा काढला आणि आत हात घातला. आई हाक मारते आहे, कुत्र्यांचं खाणं गार होतंय म्हणून, एवढं लिहिते आणि जाते, की ते गवत आताच कुणी उठून गेल्यासारखं उबदार होतं.