घास शिवेपर्यंत

तन्मयचं यंदा तिसरं श्राद्ध. जयपूरच्या विद्याधर नगरातल्या रत्नप्रभामावशीच्या घरी गुरुजी अकरालाच उरकून गेले आणि घास घेऊन आम्ही दोघं गच्चीवर आलो. पाऊस दडी मारून बसला होता. फरशी इतकी तापली होती की मावशी ओलं पोतं टाकून त्यावर उभी राहिली. मी कठड्याशी पत्रावळ ठेवली. भात, वरण, वडा, खीर. समोरच्या टाकीवर रोज कावळ्यांची सभा भरते. आज एकही नव्हता.

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवतो. भुताखेतांशी माझं देणंघेणं नाही. फक्त वडिलांची तिथी मी कधी चुकवत नाही. तेवढी एक सवय, आणि तीच नडली.

तन्मय माझा मावसभाऊ, माझ्याच विभागात शिकवायचा. तीन वर्षांपूर्वी आर्क्टिकमधल्या एका बेटावर आम्ही दोघंच तंबू ठोकून राहिलो होतो, दगडांचे नमुने गोळा करायला. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. पांढऱ्या अस्वलांची भीती, म्हणून उघड्यावर अन्न ठेवायचं नाही हा पहिला नियम. नेमकी तिथेच आषाढ वद्य सप्तमी आली, वडिलांची तिथी. मी डब्याच्या झाकणावर भात घेतला आणि शंभर पावलांवरच्या खडकावर ठेवून आलो.

‘दादा, मतलब, खाना बाहेर ठेवायचा नसतो ना?’ तन्मय म्हणाला. जयपुरातच वाढलेला, त्याचं मराठी तसंच होतं.

‘कावळा नाही तर नाही, एखादा पक्षी तरी शिवू दे. तोवर तू बंदूक घेऊन तिथे थांब.’

तो गेला. घास शिवेपर्यंत आपण जेवायचं नसतं, पण मला भूक लागली होती. मी तंबूत पान वाढून घेतलं. अर्ध्या जेवणात त्याची हाक आली, एकच. श्राद्धाच्या पानावरून मधेच उठत नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. मी पान संपवलं.

चौकशीत मी सांगितलं, तन्मयनं खरकटं बाहेर टाकलं होतं. तो तर गेलाच होता, आणि मला नोकरी टिकवायची होती. मावशीलाही मी तेच सांगितलं. आपल्या पोराच्या गबाळेपणानं आपलं पोर गेलं, हे मनाशी धरून ती तीन वर्षं जगत होती. मीही तिला जगू दिलं.

‘शिव रे बाबा,’ मावशी हात जोडून म्हणाली. ‘तुझी पुस्तकं मी कुणाला देणार नाही.’

काही नाही.

‘बहिणीची काळजी करू नकोस, अपूर्वाचं लग्न आम्ही लावून देऊ. तू तिच्यात अडकू नकोस.’

शेजारच्या गच्चीवरची कबुतरं एकदम उडाली. गल्लीतली कुत्री गप्प झाली. उन्हाआड ढग आला असेल म्हणून मी वर पाहिलं. आकाश निरभ्र होतं. मावशी पोत्यावरून खाली उतरली होती, अनवाणी, आणि तिला चटके बसत नव्हते. मी चपला काढून पाहिलं. फरशी गार होती.

मग वास आला. कुजक्या चरबीचा. तो मला एकदाच आला होता, अस्वल येऊन गेलेल्या त्या खडकापाशी.

‘गंधार,’ मावशी म्हणाली, ‘त्याचं काय राहिलंय, तुला ठाऊक आहे का?’

‘नाही.’

‘तीन वर्षं शिवत नाही रे.’

‘कावळे कमी झालेत, मावशी. सगळीकडेच झालेत.’

मग ती पत्रावळीकडे वळली.

‘तन्मय, तू सिंकमध्ये खरकटी ताटली कधी राहू दिली नाहीस. तू अन्न टाकलं नसणार.’ ‘ज्यानं ते बाहेर ठेवलं, त्याला मी तुझ्याकडे पाठवते.’

पत्रावळ हलली.

वारा नव्हता.

भात गेला. वडा गेला. खीर पसरली आणि पुसली गेली. कुणीतरी चाटून घेतल्यासारखी पत्रावळ ओली राहिली.

माझी मान वर होईना. माझ्यापासून दोन हातांवर कुणीतरी मोठा श्वास सोडत होतं आणि माझ्या पोटऱ्या गारठत होत्या.

मावशीनं डोळे पुसले. पोत्याची घडी घातली. माझ्या चपला उचलल्या. माझ्याकडे न बघता ती जिन्यात गेली आणि आतून कडी लावली.

‘मावशी,’ मी हाक मारली.

खाली शेजारीण काहीतरी विचारत होती. मावशीचा आवाज जिन्यातून स्वच्छ ऐकू आला, तीन वर्षांत नव्हता इतका मोकळा.

‘हाँ जी, कौआ आ गया. अब हम खाना खा लेंगे.’