पाण्याखालचा कल

"साहेब, तुमचं यंत्र वाकडं चाललंय," सेजल काठावरून ओरडली. होडीतले राजेंद्रसाहेब मान वर न करता म्हणाले, "बाळ, खेळायला जा."

सेजलच्या अंगाचा तिळपापड झाला. सावित्री नदीत गाळ किती साचलाय ते मोजायला साहेब महाडला आले होते. होडीमागे दोरीने ओढलेलं पिवळं यंत्र पाण्याखालून तळाकडे आवाज सोडायचं आणि खोली सांगायचं. इथे पाणी खोल ठरलं, की गाळ काढायची गरज नाही असं म्हणून तो तसाच राहणार. मग पावसाळ्यात नदी पुन्हा कोंडात, काठावरच्या त्यांच्या वाडीत शिरणार, तीही आधी सेजलच्याच घरात!

उथळ पाण्यात ते पिवळं धूड कुशीवर झोपलेलं स्पष्ट दिसत होतं. होडीवाल्या दत्तारामकाकांनी त्याला दोरी बांधली होती ती रेतीची होडी ओढताना बांधतात तशी, बाजूच्या कडीला. जन्माची सवय, दुसरं काय!

मुंबईहून सुट्टीला आलेला मामेभाऊ दीपेश म्हणाला, की कल, म्हणजे वस्तू किती झुकलीय ते, मोबाइललाही कळतो. साहेब जेवायला गेल्यावर दोघांनी काकांना गळ घातली. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून यंत्राला आवळला आणि एक फेरी मारली. आकडे पाहून दीपेशने शीळ घातली. यंत्र निम्म्याहून जास्त आडवं झालं होतं! आवाज सरळ खाली न जाता तिरका, लांबच्या वाटेने जात होता. म्हणून खोली फुगत होती.

साहेब परत आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि हसून मोबाइलला खेळणं म्हणाले.

"मग आता मला न्या होडीतून," सेजल हटून बसली. साहेबांनी कंटाळून तिला घेतलं. कोंडासमोर पडद्यावर अडीच मीटर उमटले. तिने कमरेला दोर बांधला, टोक काकांच्या हातात दिलं.

"नको गो पोरी!" काकांचा जीव टांगणीला लागला, पण ती उतरलीसुद्धा. आणि तळाला पाय टेकून उभी राहिली. पाणी खांद्यापर्यंतच होतं.

"मी बुडली नाय, साहेब," ती म्हणाली. "आमचं घर पण बुडवू नका."

साहेबांचा चेहरा उतरला. कल मोजणारा सेन्सर त्यांनी घाईत पेटीतच ठेवला होता. तो बाहेर काढून त्यांनी यंत्राला बसवला. काकांनी बाजूच्या कडीची दोरी सोडून यंत्राच्या नाकाशी, पुढच्या टोकाला बांधली.

"चूक माझी बी हाय," काका म्हणाले. "पण पोरगी कोनाला भ्याली नाय."

"उद्यापासून नदी पुन्हा मोजायची," साहेब म्हणाले, "आणि कलाचे आकडे तू वाचायचे."