शेवटचा टाका

तेरच्या देवळामागं अर्पिता सप्ताहाच्या मंडपाचं कापड पसरत होती. वाऱ्यानं एक टोक उचललं आणि... ते कुणीतरी अलगद धरलं. खुंटीला वेढे देऊन अशी गाठ मारली, की तिला ती सोडवताच येईना.

"कसली हो ही गाठ?"

"होडीची."

"तेरणेत घोटाभर पाणी न्हाय, आन् म्हणं होडी!"

तो हसला. बेंबळीचा कुलदीप. अंदमानात शिडाच्या होडीवर कामाला. आजीच्या वर्षश्राद्धाला आलेला, येताना फाटलेलं शीड बांधून आणलेलं, आणि मंडप शिवणाऱ्या बलभीमआप्पांचं नाव ऐकून इथवर पोचलेला. आप्पा म्हणजे अर्पिताचे वडील. हाताला अजून कसब होतं, पण डोळ्यांपुढं धुकं. सुई आता अर्पिताच ओवून द्यायची.

सप्ताहाचे सातही दिवस ती शीड शिवत राहिली. वर आभाळ कुंद, मंडपात टाळ-मृदंग. कुलदीप रोज यायचा, शिडावर ज्वारीचे दाणे मांडून बेटं दाखवायचा.

"इथं पाणी हिरवंगार. इथं माणूसच नाही... पहाटं कान दिला तर वाटतं, देवच एकटा चिपळ्या वाजवतोय."

"आन् ही मोकळी जागा?"

"खोल समुद्र. वारा खवळला, तर शीडच तारतं."

"लई लांब हाय."

"दोघं असल्यावर न्हाय वाटत." त्याचं बोट तिच्या बोटाशी येऊन थांबलं. तिनं हात काढला नाही. "येतेस?"

पलीकडं आप्पा रीळ चाचपडत होते.

"त्यांची सुई कोण ओवंल?"

"मग मीच राहतो इथं."

"आन् रोज वाऱ्याकडं तोंड करून बसशील... ते बघवंल का मला?"

आठव्या दिवशी तो शीड न्यायला आला. टाळ थांबले होते, काल्याच्या लाह्या अजून अंगणात विखुरलेल्या. त्यानं शिवण बोटानं तपासली.

"शेवटची गाठ मारायची राहिली की."

अर्पिता गोरीमोरी झाली. मंडपाचा शेवटचा टाका आप्पा मोकळाच ठेवत. तो मोकळा राहिला, की कापड पुढच्या सप्ताहाला फिरून हाती येतं, ही त्यांची श्रद्धा. तिचा हात सवयीनं तसाच थांबला होता. की सवयीनं नव्हे...?

तिनं सांगितलं तसा कुलदीप हळू बोलला, "मग असू दे मोकळा."

"वाऱ्यानं उसवंल?"

"थोडंसंच..."

"देवळापाशी खोटं बोलू नगं."

तिनं शीड मांडीवर ओढलं, दोरा ताणला आणि त्याच्याकडूनच शिकलेली ती न सुटणारी गाठ मारली. एक. मग आणखी एक. दातांनी दोरा तोडला.

"परत न्हाय आलास तरी चालंल," ती म्हणाली. "पण बुडू नगंस."

एसटीचा आवाज वळणापलीकडं विरला.

"पोरी, गेलं का शीड?" आप्पांनी विचारलं.

"गेलं."

"शेवटचा टाका?"

"मारली गाठ, आप्पा."

आप्पांनी रीळ चाचपून जवळ घेतलं. मग त्यांनी सुई पुढं केली. अर्पितानं दोरा ओला केला, एकदा नेम धरला, दोनदा धरला...

आज तिलाही भोक दिसेना.